धुऱ्यावरचा देव हलवावा का?

प्रश्न : आमच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली शेंदराचा दगड आहे. ट्रॅक्टर वळवताना आड येतो, म्हणून धाकटा भाऊ तो देवळात न्यायचं म्हणतो. पाप लागेल का?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, पापाचं राहू द्या. पेरणीआधी नारळ तिथंच फुटतो, शिदोरी तिथंच सुटते, निंदणाऱ्या बाया लेकरांचा पाळणा त्याच निंबाला बांधतात. दगड देवळात जाईल. हे कसं जाईल? मला तर ती जागाच देव वाटते. आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी रस्ते झाडत, मग रात्री कीर्तन करत. पेरणीच्या दोन ओळी कमी घ्या म्हणावं भावाला, दगड तिथंच राहू द्या. आणि बाबांसारखी आधी जागा साफ करा: फवारणीचे रिकामे डबे निंबाखाली टाकत असाल, तर ते आजच उचला.