वाचकांचे प्रश्न : दहन आणि पुनरुत्थान

प्रश्न : आम्ही कॅथलिक. आईने ‘माझं दहन करा, राख समुद्रात सोडा’ असं सांगून ठेवलंय. नातेवाईक म्हणतात, मग पुनरुत्थान कसं होणार?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दहनाने पुनरुत्थान, म्हणजे मृतांचं देहासह पुन्हा उठणं, अडत नाही. मातीतही देह विरतोच की! बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात संत पौल पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. उगवतं ते वेगळंच रूप. चर्चने 1963 साली दहनाला मुभा दिली. अट एकच, पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. दफनालाच पसंती, हेही खरं.

समुद्राचं मात्र जमणार नाही. व्हॅटिकनच्या 2016च्या सूचनेनुसार राख पाण्यात, जमिनीवर, हवेत विखुरता येत नाही, सहसा घरीही ठेवता येत नाही. ती दफनभूमीत किंवा आशीर्वादित जागी ठेवायची. 2023पासून अगदी थोडा अंश दुसऱ्या अर्थपूर्ण जागी ठेवण्याची परवानगी मागता येते.

आईंशी आणि फादरांशी आत्ताच बोला, ऐनवेळी वादच होतात. मिस्साबलिदान (फादर चर्चमध्ये करतात तो मुख्य उपासनाविधी) दहनाआधी, पार्थिव चर्चमध्ये असताना झालेलं उत्तम. राखेला ठरलेली जागा असली की 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, नातवंडांनाही तिथे मेणबत्ती लावता येते.