वाचकांचे प्रश्न : गोरिलांच्या डोंगरात एक तास

प्रश्न : आमचे कुटुंब ताडोबा आणि पेंचला नेमाने जाते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त पुढच्या वर्षी रवांडात जाऊन पर्वतीय गोरिला पाहण्याचा विचार आहे. सोबत आमची तेरा वर्षांची मुलगी असेल. तेथे एका तासासाठी माणशी १,५०० डॉलर घेतात, हे कळल्यावर मात्र आम्ही थबकलो. ही किंमत योग्य म्हणावी काय?
– एक वाचिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आधी मुलीविषयी, कारण विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी तेच ठरायला हवे. १५ वर्षांखालील कोणालाही गोरिलांजवळ नेत नाहीत. त्यामुळे सहल दोन वर्षे पुढे ढकलावी, असे मी मनापासून सुचवेन. इतक्या दूर जाऊन लेकीला मुक्कामावर बसवून ठेवायचे आणि आपण डोंगर चढायचा, यात तुम्हालाही आनंद वाटणार नाही.

आता किमतीविषयी. ताडोबात आपण जिप्सीतून उतरत नाही, म्हणून वाघ आणि माणूस यांच्यातले अंतर आपोआप राखले जाते. गोरिलांकडे मात्र आपण पायी जातो, आणि समोरचा प्राणी शरीराने आपल्या इतका जवळचा, की आपला साधा सर्दी-खोकला त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एका कळपाला दिवसातून आठच पर्यटक भेटतात, तेही एकच तास. तोंडाला मास्क लावून दहा मीटरांवर उभे राहावे लागते, आणि त्या दिवशी शिंका येत असतील तर परवाना हातात असूनही मागे फिरावे लागते. पर्वतीय गोरिला कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. ते केवळ रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतरांग आणि युगांडातील ब्विंडीचे अरण्य या दोनच ठिकाणी उरले आहेत. १९८०च्या दशकाच्या आरंभी विरुंगात सुमारे २५० गोरिला होते. २०१५-१६च्या गणनेत ते ६०४ भरले, आणि २०१८मध्ये ब्विंडीत मोजलेले ४५९ धरून एकूण संख्या १,०६३ झाली. माणसे कमी आणायची, पण राखणदार, माग काढणारे आणि पशुवैद्य यांचा खर्च तर भागवायचा, हे गणित स्वस्त परवान्यात बसत नाही.

तरीही केवळ गोरिलांच्या नावाने मी या किमतीचे समर्थन केले नसते. रवांडातील गोरिलांच्या राष्ट्रीय उद्यानाला लागूनच बटाट्याची, घेवड्याची आणि पायरेथ्रमच्या, म्हणजे कीटकनाशक बनवण्यासाठी लागणाऱ्या फुलांची शेते आहेत. सुपीक ज्वालामुखी माती असल्याने येथे वस्ती दाट आहे, आणि याच पायरेथ्रमच्या लागवडीसाठी काही दशकांपूर्वी उद्यानाचा मोठा तुकडा तोडून देण्यात आला होता. रानम्हशी शेतात उतरू नयेत म्हणून जंगलाच्या कडेने चुना-सिमेंटाविना नुसत्या दगडांची लांबच लांब भिंत रचलेली आहे. रानडुकरांपायी रात्री मचाणावर जागणाऱ्या आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला त्या भिंतीचे मोल सांगावे लागणार नाही. रवांडाने २०१७मध्ये परवाना ७५० डॉलरांवरून १,५०० केला, तेव्हाच पर्यटनाच्या उत्पन्नातील उद्यानालगतच्या गावांचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला. हा वाटा आणखी वाढायला हवा, असे मला वाटते. पण हरणांसाठी लावलेल्या फाशांत गोरिलाचे पिल्लू अडकू नये, असे गावाला वाटायचे असेल तर जंगलाचा काही पैसा गावात पोहोचलाच पाहिजे. आपणही सामान उचलण्यासाठी गावातला पोर्टर जरूर घ्यावा. सामान हलके असले तरी घ्यावा, कारण ती मजुरी थेट एका घरात जाते.

युगांडात परवाना ८०० डॉलरांचा आहे, पण ब्विंडीची चढण अधिक खडी असून एंटेबेच्या विमानतळाहून रस्त्याने जवळपास पूर्ण दिवस लागतो. रवांडात राजधानी किगालीहून उद्यानाजवळच्या मुसांझेपर्यंत दोन-अडीच तासांत पोहोचता येते, आणि सकाळी सातला किनिगी येथील उद्यानाच्या कार्यालयात हजर राहायचे असते. एक गोष्ट मनाला लागून राहते, ती येथेच सांगतो. १९९१मध्ये युगांडात ब्विंडी आणि मगाहिंगा राष्ट्रीय उद्याने झाली, तेव्हा त्या अरण्यात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर पडावे लागले. वाघांसाठी गावे उठताना आपण जवळून पाहिली आहेत, तेव्हा तेथे गेल्यावर त्यांची चौकशी अवश्य करावी.

तयारीचे थोडक्यात सांगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर तेथे चालणे दोन हजार मीटरांच्या वरच सुरू होते, म्हणून महिनाभर आधीपासून रोज चालावे. अंगाला आग सुटणाऱ्या झुडपांमुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे लागतात. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी. रवांडात २००८पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांत भरावे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळा गाव सामुदायिक श्रमदानाला जातो, तेव्हा त्या वेळेत प्रवास ठरवू नये. शाकाहारी असाल तर चिंता नको. घेवडा, बटाटा आणि केळी सर्वत्र मिळतात.

प्रश्न : काँगोतील न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा वारंवार गोमा शहराकडे उतरतो, तरी लोक तेथे का राहतात?
– एक शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बसाल्टची आहे, तोही कधी काळी वाहता लाव्हाच होता, आणि त्याच खडकाच्या काळ्या मातीवर आपला कापूस पिकतो. फरक इतकाच, की आपल्याकडचे प्रवाह साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावले, आणि गोम्याच्या बाजूला ते १९७७, २००२ आणि २०२१मध्ये पुन्हा वाहिले. या ज्वालामुखीच्या लाव्ह्यात त्याला घट्टपणा देणारी सिलिका फारच कमी असल्याने तो पातळ असतो आणि उतारावर झपाट्याने धावतो. २००२मध्ये तो थेट शहरातून वाहत किवू सरोवरापर्यंत गेला. तरी लोक परतले आणि त्याच थिजलेल्या लाव्ह्याचे दगड फोडून त्यांनी घरे बांधली. शेती, सरोवर आणि सीमेवरचा व्यापार येथेच आहे, आणि आजूबाजूच्या प्रदेशातील युद्धामुळे कित्येकांना दुसरीकडे जागाच नाही. जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने गोमा ताब्यात घेतले, त्यामुळे काँगोच्या बाजूची सहल सध्या कोणीही आखू नये. ज्वालामुखीच चढायचा असेल तर रवांडातील ३,७११ मीटर उंचीचा बिसोके एका दिवसात चढून उतरता येतो, आणि त्याच्या मुखात आज तळे आहे.