स्वतःच्या नावाचे खाते

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. पहिला पगार जमा होण्यासाठी खाते हवे म्हणून तू बँकेत गेलास, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने तुझ्याशी न बोलता शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या भावाला विचारले, ‘यांना सही करता येते का?’, आणि भावाबरोबर संयुक्त खाते उघडले तरच चेकबुक मिळेल असे सांगितले. दिसत नाही म्हणजे कळतही नाही, हा समज जुनाच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १३ तू स्वतः पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐक. मालमत्ता बाळगणे, वारशाने मिळवणे, आपले आर्थिक व्यवहार आपणच पाहणे आणि कर्ज घेणे, हे हक्क इतरांच्या बरोबरीने तुझेही आहेत, असे ते सांगते. दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम आहेत, तेव्हा चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज या सुविधा त्यांना भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने तर २००८ मध्येच सर्व बँकांना बजावले होते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो याच कलमाचा उत्तरार्ध, ज्याची चर्चा क्वचितच होते. मदत घेतली की निर्णयही सोपवला, असे आपल्याकडे घरोघरी गृहीत धरले जाते. कायद्याला ते मान्य नाही. मदत करणाऱ्याने तुझ्यावर दबाव आणू नये, तुझी स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा. एखाद्या आर्थिक व्यवहारात त्याचे व तुझे हितसंबंध परस्परविरोधी असतील, तर त्या व्यवहारापुरते त्याने बाजूला व्हावे. आणि मदतीची ही व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार तुझाच असावा, असे तो म्हणतो. तेव्हा भावाने फॉर्म जरूर वाचून दाखवावा, सही कुठे करायची ते कळावे म्हणून तुझे बोट त्या जागी टेकवून द्यावे. पण एटीएमचा पिन त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. उद्या वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र समोर आले, तर ते वाचून दाखवणाऱ्याचा त्या जमिनीत वाटा नसावा. तुझा भाऊ मायाळू आहे, हे मी जाणतो. तरीही एवढे बोलून दाखवताना तू संकोचू नकोस.

बँकेत पुन्हा जाशील तेव्हा तोंडी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज दे, पोच घे आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी माग. तसा कागद द्यायला सहसा कोणी धजावत नाही. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अर्जाचा मसुदा तूच लिही. मी फक्त कलमांचे आकडे तपासून देईन.