इंग्लंडमधल्या एस्कम्बचं सॅक्सन (म्हणजे अकराव्या शतकातल्या नॉर्मन स्वारीपूर्वीच्या काळातलं) चर्च बघायला किती वेळ ठेवावा? खिडक्यांवरून चर्चचं वय ओळखता येतं का?

दीड तास ठेवा. ‘छोटंसं आहे, वीस मिनिटांत होतं’ म्हणणारे लोक दारातून वेदीपर्यंत चालून परत येतात. भिंतीकडे कुणी बघत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. टोकदार कमान दिसली की ‘तेरावं शतक’ असं ठोकून देणाऱ्या हौशी जाणकारांशी माझा वाद जुना आहे. थॉमस रिकमन या इंग्रज वास्तुविशारदाने 1817 मध्ये टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीच्या टप्प्यांना अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावं रुजवली. नावं कामाची आहेत, पण ती फार तर खिडकीचा काळ सांगतात. भिंत फोडून नवी खिडकी बसवणं हा गवंड्यांचा सर्वकाळचा उद्योग. आणि नुसत्या आकारावर जायचं तर कुलाब्याचं अफगाण चर्चही तेराव्या शतकात टाकावं लागेल. ते 1858 चं आहे.

एस्कम्ब हे डरहॅम परगण्यातलं, बिशप ऑकलंडजवळचं खेडं. चर्च साधारण 675 च्या आसपासचं. त्यातल्या मोठ्या खिडक्या नंतरच्या: काही तेराव्या शतकातल्या लॅन्सेट, म्हणजे उंच, अरुंद, टोकदार खिडक्या, काही एकोणिसाव्या शतकात भिंत फोडून बसवलेल्या. मूळच्या खिडक्या भिंतीत उंचावर आहेत आणि इतक्या लहान की पटकन दिसतही नाहीत. आत गेल्यावर त्याच बघा: बाहेरून अरुंद, आतून पसरट. भोक लहान म्हणजे वारा-पाऊस कमी, आणि तिरक्या बाजूंवरून उजेड आत फाकतो.

मग वय कशावरून ठरवायचं? दगड कसे रचलेत त्यावरून. बाहेरून फेरी मारताना कोपरे बघा. प्रचंड मोठे दगड, एकाची लांब बाजू या भिंतीत, वरच्याची त्या भिंतीत, असे आळीपाळीने. आत चॅन्सलच्या, म्हणजे वेदीच्या खोलीच्या कमानीचे खांब बघा: एक दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा. आडवा दगड भिंतीत खोल जातो आणि उभ्याला बांधून ठेवतो. या रचनेला अभ्यासक एस्कम्ब पद्धत म्हणतात, म्हणजे नावच इथलं पडलंय. शिवाय मुख्य दालनाचं माप: लांबी रुंदीच्या जवळजवळ तिप्पट, आणि रुंदीच्या मानाने भिंती फार उंच. इंग्लंडच्या उत्तर भागातली सुरुवातीची सॅक्सन चर्चं अशीच असतात.

टाकीच्या घावांवरून काळ सांगणारेही इथे फसतात. दगड जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातून उचलून आणलेत. काहींवर रोमन पाथरवटांच्या चौकटी-चौकटीच्या रेघा अजून आहेत. उत्तरेच्या भिंतीत सहाव्या रोमन सैन्यदलाची अक्षरं कोरलेला दगड चक्क उलटा बसवलाय. चॅन्सलची कमानही तिथूनच सुटी करून आणून पुन्हा जुळवली असावी, असं मानतात आणि मला ते पटतं. तिचे दगड फार सफाईने घडवलेले आहेत. म्हणजे दगड रोमन, भिंत सॅक्सन, खिडकी तेराव्या शतकातली. आता यातलं कुठलं वय ‘चर्चचं’ म्हणायचं ते त्या मंडळींनी सांगावं.

पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून एका पाडलेल्या खोलीच्या छपराची तिरकी खूण दिसते. दक्षिणेच्या भिंतीवर सॅक्सन सूर्यघड्याळ आहे, वर प्राण्याचं डोकं. त्यासाठी उन्हाची वेळ गाठा, ढगाळ हवेत कोरीवकाम सपाट दिसतं. आत टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकलात तर टाकीचा एकही घाव दिसणार नाही.

चावी शेजारच्या एका घराबाहेर टांगलेली असते अशी इथली रीत. निघण्यापूर्वी सध्याची व्यवस्था काय ते विचारून घ्या, आणि रविवारी प्रार्थनेची वेळ टाळा. खेड्यातल्या कुठल्याही चर्चला लागू पडणारी एक गोष्ट: पोर्चला जाळीचं दार असेल तर जाताना-येताना लावा. चिमण्या आत अडकतात आणि पाण्यावाचून मरतात.

हे चर्च इतकं टिकलं याचं एक कारण म्हणजे ते टाकून दिलं होतं. 1863 मध्ये गावाला नवं चर्च मिळालं, जुनं ओस पडलं, आणि 1870 च्या दशकाअखेर त्याची डागडुजी झाली. नवं 1971 मध्ये पाडलं!

हे सगळं एस्कम्बपुरतं. दुसरीकडे भिंतींना आतून-बाहेरून गिलावा असेल तर दगडांची रचना दिसतच नाही, मग खिडक्यांवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. तिथेही प्रत्येक खिडकीचा काळ वेगळा लिहून घ्या आणि सगळ्यात जुनीपासून सुरुवात करा.

वेळ उरला तर बिंचेस्टरलाही जा, तिथल्या रोमन स्नानगृहाची जमिनीखालून तापवायची रचना चांगली शाबूत आहे. पण ते वर्षभर उघडं नसतं, तारखा आधी बघून घ्या.