बहीण जेवत नाही, घरात रोज भांडणं. घरच्यांनी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या गावात राहता, धाकटी बहीण बारावीला आहे, सहा महिन्यांत निम्मी झाली, ताटावर बसवलं की भांडण, आई रडते, वडील ओरडतात आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. शेवटी एक बारकं वाक्यही टाकलंय: तिला न सांगता आमटीत तूप घातलं तर चालेल का? त्याच्याकडं शेवटी येतो.

आधी तिची नाडी मोजा. निवांत बसलेली असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट. 50 च्या खाली असेल, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, चक्कर येऊन पडली असेल किंवा जेवण झाल्यावर गुपचूप उलट्या काढत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आजच डॉक्टरकडं न्या आणि ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस बघायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही सांगताय ते अॅनोरेक्सियासारखं वाटतं, म्हणजे खाणंच टाळत जाण्याचा मानसिक आजार. या आजारात शरीर रक्तातले आकडे फार दिवस सांभाळून धरतं, पार खालावलेल्या पोरीचेही रिपोर्ट चांगले येऊ शकतात. मानसिक आजारांत जिवावर बेतणाऱ्यांच्या यादीत अॅनोरेक्सिया अगदी वरती आहे. भीती घालायला सांगत नाही. आमचं वर्ष 'वय आहे, होईल नीट' म्हणण्यात गेलं म्हणून सांगतो.

मी डॉक्टर नाही. बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. माझी थोरली पोरगी यातून गेली, अजून पूर्ण बाहेर आली असं म्हणणार नाही. तिचं वजन किती होतं, किती झालं हे मुद्दाम लिहीत नाही. हा आजार असलेली पोरं असे आकडे वाचतात आणि स्वतःशी ताडून बघतात.

आमच्याकडं सुरुवात उपवासानं झाली. आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी, एकादशी. आज्जी खूश, पोर देवभोळी निघाली म्हणून चार जणींना सांगायची. श्रावणात आठवड्यातले चार दिवस उपवास आणि उपवासाला साबुदाणाही नाही, नुसतं ताक. 'मी जाड आहे' असं ती एकदाही म्हणाली नाही. 'पोट फुगतंय', 'भूकच नाही', 'मी कॉलेजात जेवलो अप्पा' एवढंच. त्यामुळं आम्ही पित्ताची औषधं केली, कावीळ उतरवून आणली, आज्जीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पाळी चार महिने बंद होती हे बायकोला ठाऊक होतं, पण तिनं मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. एका दवाखान्यात तर ऐकायला मिळालं, 'लग्न झालं की सुधारेल.' जाडीची भीती बोलून न दाखवणारे असे पेशंट हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकातच नोंदवलेत, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा बहीण आरशापुढं उभी राहत नाही म्हणून हा आजार नाही, असं धरून चालू नका.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक जुनी हकिगत, समुपदेशकांनी सांगितलेली. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुण आपणहून प्रयोगात सामील झाले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती माणसं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, सारखी थंडी वाजायची, एकेक जेवण तास-तासभर चघळत बसायची आणि रात्रंदिवस खाण्याचाच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. त्यांच्या डोक्यात आधी काही बिघाड नव्हता, उपासमारीनं ते तसे झाले. हे ऐकलं आणि आमची पोरगी डोळ्यांपुढं आली. ती घरात केक करायची, खोबऱ्याच्या वड्या करायची, आम्हा सगळ्यांना वाढायची आणि आम्ही खाताना टक लावून बघत बसायची. आणि आम्ही खुळे म्हणत होतो, पोरीला स्वयंपाकाची गोडी लागली! तुमची बहीण ताट ढकलून आईला नाही नाही ते बोलते, त्यातलं बरंचसं तिचं पोट बोलतंय. पोटात अन्न जायला लागलं की स्वभाव हळूहळू परततो, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात. एवढं समजलं तरी आईचं रडणं थोडं कमी होईल.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडं सगळ्यांनी बायकोला धरलं. आत्ती म्हणाली, 'आईनंच लाडावून ठेवलीय.' मी स्वतः म्हणालो, 'घरात असतीस दिवसभर, एवढं बघता येत नाही?' याची मला अजून लाज वाटते. घरच्यांमुळं हा आजार होतो, ही समजूत डॉक्टरांनी कधीच सोडून दिलीय. उलट लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलात 1980 च्या दशकात जी पद्धत तयार झाली, ती आई-बापांच्या हातात चमचा देते. वजन जाग्यावर येईपर्यंत काय खायचं, किती खायचं हे आई-बाप ठरवतात, मग हळूहळू तो हक्क पोरीला परत देतात. टायफॉइड झालेल्या पोराला आपण विचारतो का, पेज घेतोस काय रे? समोर बसून भरवतो. तसंच हे.

पण एक धोका लक्षात ठेवा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं खाली येतं आणि हृदयावर ताण येतो. म्हणून पहिले काही दिवस कसं आणि किती वाढवायचं ते डॉक्टरला विचारूनच. आमची पोरगी सुरुवातीला दवाखान्यातच होती.

घरी आणल्यावर दिवसातून सहा वेळा खाणं, घड्याळ लावून. सकाळी उप्पीट किंवा इडली, मधे दूध, दुपारी भाकरी-भाजी-भात, असं. ताटावर बसलं की खाण्याचा विषय बंद. 'घे की गं, एवढं कष्ट करून केलंय आईनं' हे वाक्य आमच्या घरात बंद झालं. 'अवघड आहे, मला दिसतंय. मी इथंच बसलोय. पुढचा घास.' एवढंच. पन्नास वेळा तेच. जेवण झाल्यावर तासभर कुणीतरी तिच्यासोबत बसायचं, कारण तोच तास सगळ्यात वाईट, संडासाकडं पाय वळतात ते त्याच वेळी. आम्ही कॅरम आणला. बायकोला कॅरम येत नव्हता, आता ती मला हरवते.

लंडनच्याच जॅनेट ट्रेझर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांना जनावरांची नावं देतात. कांगारू म्हणजे पिशवीत घालून जपणारा, गेंडा म्हणजे धडका मारणारा, शहामृग म्हणजे वाळूत डोकं खुपसणारा. आमच्याकडं बायको कांगारू, मी पक्का गेंडा आणि आज्जी शहामृग. हसू नका, तुमच्याकडंही वाटप हेच दिसतंय. त्या म्हणतात, डॉल्फिनसारखं व्हा, बाजूनं पोहत वाट दाखवा. आता आमच्यात डॉल्फिन कुणी बघितलाय? पण येळ्ळूरला भातशेतीवर माझं लहानपण गेलं. बैल ओढ्यातून पलीकडं न्यायचा तर पुढून ओढला की तो बसतो आणि मागून हाणला की उधळतो. कासरा धरून त्याच्या बाजूनं पाण्यात उतरावं लागतं. मला ते तसं कळलं.

यात खरं अवघड काम पोरीला खायला घालणं नाही, घरातल्या मोठ्यांची तोंडं एका बाजूला करणं आहे. मी म्हणायचो दोन भाकरी, बायको म्हणायची राहू दे एकच खाऊ दे, आज्जी मागून हळूच म्हणायची, एकादशी आहे, आज नको बळजबरी. आजार त्या फटीतनं निसटायचा. शेवटी रात्री पोरगी झोपल्यावर आम्ही तिघं दहा मिनिटं बसून उद्याचं ताट ठरवायला लागलो. ताटावर बसल्यावर कुणी बदल करायचा नाही, पटो न पटो. तुमच्या घरी हे काम तुम्ही करा. बहिणीवर पहारा ठेवायचं काम मात्र घेऊ नका, ते आई-वडिलांचं. तुम्ही तिचे भाऊच राहा. तिच्याशी क्रिकेटवर, कॉलेजवर, मोबाईलवर भांडा. तिला एक तरी माणूस असं पाहिजे जे तिच्या ताटाकडं बघत नाही.

पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा. 'किती बारीक झालीस' जेवढं वाईट, तेवढंच 'आता अंग धरलंस बघ, छान दिसतीस' हेही वाईट. दुसऱ्या वाक्यानं आमचे पंधरा दिवस वाया गेले. शिवजयंतीच्या मिरवणुकीला घरी आलेल्या एका काकूनं प्रेमानंच म्हटलं होतं.

आणि तुमच्या आईला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्या, माहेरी जाऊ दे नाहीतर देवळात. माझी बायको पोरगीसाठी सहा वेळा ताट वाढून स्वतः उभ्या उभ्या चहावर राहायला लागली होती. एक आजारी सांभाळताना दुसरा तयार होतो तो असा.

कुठं जायचं? 14416 हा मानसिक आजारांसाठीच्या टेली-मानस सेवेचा सरकारी नंबर, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि फक्त पेशंटनं नाही, घरच्यांनीही करायचा असतो. आमची पहिली नीट उत्तरं तिथंच मिळाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेची मंगळवारची मानसोपचार ओपीडी असते, आधी चौकशी करून जा. मोठं ठिकाण हवं तर धारवाडला डिमहान्स आहे, बेंगळुरूला निमहान्स, दोन्ही मानसिक आजारांची मोठी सरकारी रुग्णालयं. तुम्हाला निपाणीहून कोल्हापूर जवळ पडेल. भाषेचंही बघा. मला कारखान्यात कानडी चालतं, पण पोरगी मनातलं मराठीतच बोलते. पहिल्या वेळी मीच मधे बसून तिचं बोलणं कानडीत सांगत होतो आणि बापापुढं ती काय बोलणार? मराठी समजणारा समुपदेशक मागून घ्या, मागितला तर मिळतो.

बारावीचं म्हणाल तर परीक्षा पुढच्या वर्षीही होते.

आता तूप. घालू नका. माझ्या बायकोनं घातलं होतं, डाळीत, दोन चमचे. तिसऱ्या दिवशी पोरगीनं वाटी उजेडाकडं धरली, वरचा तवंग बघितला आणि वाटी खाली ठेवली. त्यानंतर सोळा दिवस तिनं बंद पाकिटातलं सोडून घरचं काही खाल्लं नाही. आता आम्ही तिच्यासमोर तूप वाढतो. ती रडते, आम्ही थांबतो आणि मग ती खाते. कधी पाऊण तास लागतो.