४५ आणि ३८ची बेरीज ४५३८ का आली?

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन विषयांच्या मार्कांची बेरीज आणि सरासरी काढायची होती. ४५ आणि ३८ची बेरीज ४५३८ आली आणि पुढच्या ओळीला एरर. रात्री उशिरापर्यंत सगळं पुन्हा पुन्हा टाइप केलं. शेवटी चॅटजीपीटीने बरोबर करून दिलं, पण चूक काय होती ते कळलंच नाही. वर्गात बाकीच्यांचं पटकन होतं. मी लाइन बदलू का?

उत्तर : लाइनचं नंतर बोलू. आधी ते ४५३८ बघू, कारण तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

पायथनमध्ये ‘इनपुट’ने घेतलेलं काहीही मजकूर म्हणूनच येतं. तू ४५ टाइप केलंस तरी पायथनच्या लेखी ती संख्या नसते, शेजारी शेजारी ठेवलेली दोन अक्षरं असतात. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की ते एकापुढे एक चिकटतात. म्हणून ४५३८. मग तू त्याला २ने भागायला गेलीस. मजकुराला भागता येत नाही, म्हणून तिथे टाइपएरर. दोन्ही इनपुटभोवती ‘इंट’ लाव, म्हणजे त्या मजकुराची पूर्णांक संख्या होईल. बेरीज ८३ येईल, सरासरी ४१.५.

म्हणजे एरर भागाकाराच्या ओळीवर दिसला, चूक मात्र वरच्या ओळींत होती. पुन्हा सगळं टाइप केल्याने तीच चूक नव्याने लिहिली गेली, एवढंच. आणि ४५३८ आले तेव्हा तर एररसुद्धा नव्हता. दोन विषयांचे मिळून इतके मार्क होऊच शकत नाहीत, हे तुझं तुला खटकलं. या क्षेत्रात हे खटकणं फार मोलाचं आहे. टेस्टिंगमधली माणसं दिवसभर हेच करतात. नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या वाट्यालाही कोऱ्या पानापेक्षा दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधणंच जास्त येतं.

पुढच्या वेळी लाल अक्षरं दिसली की शेवटची ओळ आधी वाच, एररचा प्रकार आणि कारण तिथे असतं. मग ओळीचा नंबर बघ आणि तिथून वर वर जा. एका वेळी एकच बदल कर. इंग्रजीचं दडपण मला समजतं, पण हे एररचे संदेश फार नसतात, तेच तेच येत राहतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर बरेच धडे मराठीतून आहेत, तेही मोफत.

चॅटजीपीटी सोड असं मी म्हणणार नाही. फक्त त्याला विचारण्याआधी वहीत एक ओळ लिही : ‘मला वाटतं चूक इथे आहे, कारण...’. आणि तयार प्रोग्राम मागू नकोस, एरर समजावून मागायचा.

आता लाइन. दुसऱ्या वर्षात एका रात्रीच्या वैतागावरून शाखा सोडू नकोस. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शाखेचा विचार तेव्हाही करता येईल. प्रोग्राम चालू झाल्यावरही चूक कळली नाही याची रुखरुख तुला लागली, म्हणून तर पत्र लिहिलंस. सेमिस्टरभर असं काम करूनही ती रुखरुख उरली नाही, चाललं की झालं असंच वाटू लागलं, तर मात्र दुसऱ्या वाटांचा विचार आपण मनापासून करू.

तोवर एक कर. दुरुस्त केलेल्या प्रोग्राममध्ये मार्कांच्या जागी मुद्दाम स्वतःचं नाव टाइप कर. व्हॅल्यूएरर येईल. तो का आला, ते चॅटजीपीटी न उघडता तुझ्या शब्दांत लिहून मला पाठव.