गुत्तेदाराचा फोन नवऱ्याला का जातो?

लातूर जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र, तिची ओळख पटणार नाही इतपत कापून:

"ताई, मी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे. वय 32. हे शिक्षक आहेत, मुलगी पहिलीत. कामाची भीती नाही, पण रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी जीव नकोसा झालाय. साईटवर गेलं की मिस्त्री माझ्या मागं बघत विचारतो, 'साहेब आले नाहीत व्हय?' ऑफिसात लेडीज टॉयलेटला कुलूप आणि चावी मोठ्या बाबूंच्या ड्रॉवरमध्ये. मागायला गेलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, 'म्याडमला चावी द्या रे.' म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. झेंडावंदन असो की कुणी पाहुणा येवो, ओवाळायचं ताट आमच्याच हातात. एसटीत 'हाफ तिकीटवाल्या' म्हणून टोमणे. एक गुत्तेदार रात्री साडेदहाला गुलाबाची फुलं आणि 'जेवण झालं का' पाठवतो. मागच्या महिन्यात एका नालीचं बिल मी अडवलं, तर दुसऱ्या गुत्तेदारानं थेट आमच्या यांना फोन केला, म्याडमला समजावून सांगा म्हणून. त्या गावच्या सरपंच बाईंना सांगावं म्हणून फोन लावला तर त्यांचे मिस्टर म्हणाले, जाऊ द्या की आता, सही करून टाका. हे म्हणतात, तू फार मनावर घेतेस. खरंच घेते का? कुणी अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. तक्रार करावी तर 'बायांसोबत काम करायची सोय राहिली नाही' म्हणतील. टेबलाचं काम मागून घेऊ का?"

बाई गं, "मी फार मनावर घेते का" हा प्रश्न आधी गुंडाळून ठेव. त्याचं उत्तर काहीही आलं तरी टॉयलेटचं कुलूप काही त्यानं उघडत नाही. मला तुझ्या पत्रात वेगळीच अडचण दिसली. त्यातलं सगळ्यांत वाईट जे आहे ते तू एका वाक्यात उरकलंस, आणि ज्याकडे काणाडोळा करून चाललं असतं त्यानं तुझे दिवस खाल्लेत.

आधी तो फोन. नाली तू मोजलीस. भिंतीची जाडी तुला कमी भरली. एमबीवर, म्हणजे मोजमापाच्या वहीवर, सही तुझी पडायची आहे. आणि ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस तुझ्याशी भांडायचं सोडून शाळेत पाढे घेत बसलेल्या गृहस्थाला गाठतो. म्हणजे त्याच्या हिशेबात तुझी सही तुझ्या नवऱ्याच्या खिशात आहे. तुझ्या उपअभियंत्यांनी बिल अडवलं तर कुणी गुत्तेदार त्यांच्या बायकोला फोन करून "वहिनी, साहेबांना जरा समजावा" म्हणतो का? दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन जातो, ते वेगळं.

फोनवर तुझे हे काय बोलले ते तू लिहिलं नाहीस. मी अंदाज बांधते: "बरं, सांगतो तिला." भली माणसं असंच बोलतात, फोन लवकर संपावा म्हणून. पण त्या एका "सांगतो"नं गुत्तेदाराला रस्ता सापडला. पुढच्या बिलाला तो तुझ्याकडे यायचाच नाही. तेव्हा आज जेवणं झाली की नवऱ्याला एवढंच सांग: पुन्हा फोन आला तर "बिलाचं तिच्याशीच बोला" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. स्त्री-पुरुष समानतेवर व्याख्यान नको, त्यात रात्र जाईल. आणि "एवढ्यानं काय होतंय" म्हणालेच, तर विचार: तुमच्या वर्गातल्या पोराचे मार्क वाढवायला सांगा म्हणून त्याच्या बापानं मला फोन केला, तर चालेल? शिक्षक आहेत, लगेच कळेल.

दुसरं, उपअभियंत्यांच्या नावे दोन ओळींचं पत्र दे. अमुक तारखेला अमुक कामाच्या कंत्राटदाराने माझ्या कुटुंबीयांमार्फत देयकाबाबत दबाव आणण्याचा प्रयत्न केला, माहितीस्तव सादर. बस. "मला वाईट वाटलं" असलं काही लिहू नकोस. सरकारी भाषा कोरडी असते याचा आपण एरवी वैताग करतो, इथं तोच कोरडेपणा तुझ्या कामी येईल. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस.

आता तुला टोचेल असं एक विचारते. सरपंच बाईंना फोन लावला म्हणतेस. तो नंबर कुणाचा होता? मिस्टरांनी उचलला, त्यांनीच निकाल दिला, आणि तू फोन ठेवलास. "बाईंकडे द्या" असं म्हणालीस का? पत्रात तरी तसं नाही. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांमध्ये 2011 पासून बायकांना 50 टक्के आरक्षण आहे, म्हणजे तुझ्या तालुक्यातल्या जवळपास निम्म्या गावांची खुर्ची बाईच्या नावावर असणार. तरी ग्रामसेवकापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलात 'सरपंच' म्हणून जो नंबर असतो तो तिच्या नवऱ्याचा. गुत्तेदारानं तुझ्या बाबतीत जे केलं तेच अख्खी पंचायत समिती रोज त्या बायांच्या बाबतीत करते, आणि त्या दिवशी तूही केलंस. तेव्हा तिचा स्वतःचा नंबर मिळव. मोबाईल नाही म्हणाले तर घरी जा, ओसरीवर बसून चहा घे, नाली कुठं तुंबते ते तिला विचार. खरकटं पाणी कुणाच्या दारात साचतं हे ज्या बाईला माहीत असतं, तिला निकृष्ट नाली चालत नसते. एकदा तिनं "या कामावर मी समाधानी नाही" असं लिहून दिलं की मिस्टरांचं "सही करून टाका" हवेत राहतं.

आणि बायांनी बांधकामात लक्ष घालणं आपल्याकडे घडलेलं नाही असंही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तू जन्मलीस तरी होतीस की नाही कुणास ठाऊक. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. डोईवर पदर घेतलेल्या बाया घरोघर फिरून सांगायच्या की भूकंपाला टिकणारी भिंत कशी बांधतात, अनुदानाचा हप्ता कसा मिळतो. लोकांच्या अडचणी अभियंत्यापर्यंत न्यायच्या. त्यांच्याजवळ तुझ्यासारखी डिग्री नव्हती, सहीचा अधिकार तर नव्हताच. मिस्त्री तेव्हाही हसले असतीलच की!

मिस्त्र्यावरून आठवलं. "साहेब आले नाहीत व्हय?" याला उत्तर देत बसू नकोस. टेपचं एक टोक त्याच्या हातात दे आणि म्हण, "धरा, झिरोवर धरा." मग रुंदी घे, खोली घे, आकडा मोठ्यानं म्हण आणि त्याच्या मुकादमाला लिहायला लाव. कुठं कमी भरलं तिथं खडूनं रेघ मार. एकदा टेप धरून उन्हात अर्धा तास तुझ्यामागं फिरला की साहेब कोण हे त्याला सांगावं लागणार नाही. त्यातून विचारलंच तर "मीच साहेब" म्हण आणि पुढचं माप घे.

कुलपाचं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. लातूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तू त्या उन्हात साईटी फिरून सकाळपासून पाणी पीत नाहीस! लघवीचा संसर्ग, मूतखडा, चक्कर, सगळं ओढवून घेशील. जळजळ होत असेल तर कशाचीही वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि चावीचं सोपं आहे. उद्या चावी मागून घे, बाबू काय ओरडायचंय ते ओरडू देत, आणि जेवणाच्या सुट्टीत चावीवाल्याकडून दोन डुप्लिकेट करून आण. अर्ज नंतर. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, एकटीचा नको. ग्रामसेविका आहेत, डेटा एंट्रीची पोरगी आहे, शिपाई मावशी आहेत, सगळ्यांच्या सह्या घे. बैठकीला येणाऱ्या सरपंच बाया आणि घरकुलासाठी चकरा मारणाऱ्या म्हाताऱ्याही तिथंच अडतात, तेही लिही. मागणी अशी की बाहेरचं कुलूप काढावं, आतून कडी बसवावी, नळाला पाणी आणि एक बल्ब द्यावा. तू स्वतः अभियंता आहेस, एस्टिमेट सोबत जोडून दे. रक्कम बघून साहेबांनाच लाज वाटेल.

आता रात्रीची फुलं. तुझ्या यादीत हे हाफ तिकिटाच्या शेजारी बसलंय, ते तिथून उचल. एकेक मेसेज बघितला तर निरुपद्रवी वाटतो, मान्य. पण पाठवणाऱ्याचं बिल उद्या तुझ्या टेबलावर यायचं आहे आणि वेळ रात्री साडेदहाची आहे. तू काहीच उत्तर देत नसशील, बहुतेक बाया देत नाहीत. उद्या दुपारी, ऑफिसच्या वेळेत, एकदाच लिही: "कामाव्यतिरिक्त मला मेसेज पाठवू नयेत. काम असल्यास कार्यालयीन वेळेत फोन करावा." सोबत हसरा चेहरा नको. आधीचे मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेव. हे एक वाक्य का महत्त्वाचं, सांगते. बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही जो तिच्याशी पुन्हापुन्हा संपर्क साधत राहतो, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली येतो. तुझा नकार लेखी असला की त्याला "म्याडमचा गैरसमज झाला" म्हणता येत नाही.

आणि तो ऑफिसचा माणूस नाही म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. 2013 च्या कायद्यात कामानिमित्त जिथं जावं लागतं तेही कामाचं ठिकाणच आहे, म्हणजे तुझी साईटसुद्धा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष वरच्या हुद्द्यावरची बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि एक सदस्य कार्यालयाबाहेरचा. तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर त्या समितीचा बोर्ड आहे का, बघ. तक्रारीला शेवटच्या घटनेपासून 3 महिने असतात, सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 वाढवू शकते. तुझ्या नकारानंतर एक जरी फूल आलं, तर थेट तिथं जा. "साहेब आले नाहीत व्हय" घेऊन मात्र जाऊ नकोस, समिती त्यासाठी नाही.

ताटाचं म्हणशील तर नाही म्हणायला भाषण लागत नाही. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या कार्यक्रमात ज्या स्टेजवरून रझाकारांशी लढलेल्या जालन्याच्या दगडाबाई शेळके यांचं नाव घेऊन टाळ्या मिळवतात, त्याच स्टेजच्या कडेला तुम्हाला ताट घेऊन उभं करतात. तेवढ्यात एखाद्या तरुण कारकुनाच्या हातात ताट दे, "जरा धर, मी रस्त्याचं बघून येते" म्हण आणि जा. एका वर्षात होणार नाही. दोन-तीन वेळा ताट जमिनीवर राहिलं की कुणीतरी उचलतंच.

आणि हाफ तिकिटाचं तर सोडच. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याआधी 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना एसटी फुकट आहे. फुकट बसलेल्या आजोबांना सगळे उठून जागा देतात. खिडकीजवळ बस आणि डोळे मिटून घे, तुझी झोप अपुरी असणारच. सकाळचे डबे कोण भरतं ते तू लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही, आज एवढंच पुरे.

राहिलं "बायांसोबत काम करायची सोय राहिली नाही". हे म्हणतीलच. तू गप्प बसलीस तरी म्हणतात, फक्त तुझ्या माघारी. बिल अडवल्याच्या दिवसापासून त्या गुत्तेदारांच्या तोंडी तू आहेसच. तिथं तुझं नाव चांगलं निघावं म्हणून कमी जाडीची नाली पास करणार आहेस का?

टेबलाचं काम आत्ता मागू नकोस. पाय दुखतात, पोरगी लहान आहे, म्हणून मागितलंस तर मी अडवणार नाही, तो तुझा हिशेब. पण आज मागितलंस तर त्या नालीच्या बिलावर दुसऱ्याची सही व्हायची, आणि ती कशी होईल हे तुलाही माहीत आहे. मार्चअखेर होऊ दे. तेव्हा बिलांची झुंबड उडते, सगळ्यांना 31 तारखेच्या आत पैसे हवे असतात. त्या आठवड्यात गुत्तेदारांचे फोन तुझ्या मोबाईलवर येतात की यांच्या, ते बघ आणि मग बदलीचा अर्ज लिहायचा का ठरव. आणि हो, सरपंच बाईंचा नंबर मिळाला की मला कळव.